मोरीची जागा

एकतीस वर्षं मी नकाशे रंगवले,
पर्जन्य जलवाहिन्या खातं, दुसरा मजला.
नदीला निळा, नाल्याला करडा.
एका वर्षी वरून टिपण आलं
आणि दहिसरची आमची नदी
जेवणाच्या सुट्टीआधी करडी झाली.
ब्रश माझाच होता.

आता दर अमावास्येला, सांजेच्या सुकतीला,
रेजिनाबाईंच्या ओट्यावर जमतो आम्ही सात-आठ जण.
मध्ये एक वही. कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही.
तारखांपेक्षा चहाचे डाग जास्त.

जानकू वरठा डोंगराकडून येतो, पाड्यावरून.
तो सांगतो, त्याची नात लिहिते:
‘खेकडे वरच्या डोहापर्यंत. तबेल्याच्या खाली एकही नाही.’
तबेल्याचा रामसजीवन समोरच बसलेला, मान खाली.
तीन महिन्यांनी त्याच्या वाकड्या अक्षरात:
‘शेण आता टाकीत जाते. शेगडी पेटली. चहा माझ्याकडून.’

चांगुणा केणीची मापं अंगावरची:
घोटा, पोटरी, गुडघा.
मी विचारलं, सेंटिमीटरमध्ये किती?
‘चिखलात उतरा, मग विचारा.’
उतरलो. लिहिलं: पोटरी.
तिची की माझी, हा वाद अजून मिटलेला नाही.

एकदा सोसायटीतल्या पोरांनी
कांदळाची चारशे रोपं आणली,
टोप्या, फोटो, कोकम सरबत.
चांगुणा म्हणत होती, ‘तिथं शिवल्या आहेत,
मोकळा चिखल मोकळाच राहू दे.’
कुणी ऐकलं नाही. मीही नाही.
श्रावण सरायच्या आत चारशेच्या चारशे काड्या.
त्या पानावर एकच ओळ आहे,
‘ऐकायला हवं होतं’,
आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

मग करायचं काय?
‘काय लावू नका. पाणी येऊ दे.
बी पाण्यावरनं येतं, त्याला पत्ता ठाऊक असतो.
पण तुमच्या बांधानं दार लावलंय.
इथं मोरी होती. माझा आजा तिच्या तोंडाशी
बोकशी लावायचा.’
कुठे नेमकी? तिला आठवेना.
बांध सगळीकडे सारखाच दिसतो.

त्या रात्री मी माळ्यावरून पत्र्याचं नळकांडं काढलं.
ट्रेसिंग पिवळं पडलेलं, कडांना कसर.
खाली माझी सही, ऐटदार.
बांधाच्या रेघेत जिथे मोरीची खूण होती
तिथे ब्लेडने खरवडलेलं.
शाई जाते. कागद दिव्यासमोर धरला
की पातळ झालेली जागा तेवढी उजळते.

पुढच्या अमावास्येला ते माप वहीत चिकटवलं,
आणि कुणी विचारलं नव्हतं तरी लिहिलं:
खरवडणारा हात माझा.
कुणी काही बोललं नाही.
रेजिनाबाईंनी माझ्या बशीत अजून थोडा चहा ओतला.
चांगुणाने पान डोळ्यांजवळ नेलं.
‘क्रूसापासून सत्तर पावलं,’ ती म्हणाली,
‘आजा हेच सांगायचा. मला वाटायचं, प्यालाय.’

अर्ज, नाहरकत, पुन्हा अर्ज.
दोन पावसाळे त्यातच गेले.
मग एका भांगेला पहारी आणि घमेली घेऊन उतरलो.
दगडांमागे विटांची कमान निघाली, गाळाने गच्च.
रिकामी करून वाट बघितली.
पाणी आलं नाही.
तोंडं पाडून डबे उघडले, बोंबलाची चटणी वाटून खाल्ली.

पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी,
बोटभर आलं.
दुसऱ्या दिवशी घोटा.

आता मोरीच्या आत सात तिवरं आहेत, कुणीही न लावलेली,
आणि निवट्या, ज्या कुणालाच मोजू देत नाहीत.

परवा मिठागरांकडची माणसं वही मागायला आली.
‘आमच्याकडे काय करायचं तेवढं सांगा.’
चांगुणा म्हणाली, ‘तुमच्याकडं कुणाचा आजा
बोकशी लावायचा, ते आधी शोधा.’
नकाशा कुणी रंगवला तेही, मी म्हणालो, हळूच.

त्यांना झेरॉक्स काढून दिली.
झेरॉक्समध्ये ब्लेडचा ओरखडा उमटत नाही.
त्या जागेभोवती मी पेनाने गोल केला.
निळ्या.